पिपरटोल्याच्या वाटेवरची लाकडं

जंगलातून परत आलेल्या माणसाला नागपुरात एकच प्रश्न विचारतात, "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, जणू आपण लग्नाला जाऊन न जेवताच परत आलो. मला या खेपेला वाघ दिसला नाही, आणि जे दिसलं ते सांगायची लाज वाटते. तरी लिहितो आहे. कारण कामाचा अहवाल मी वेळेत, नकाशे जोडून, शुद्धलेखन तपासून दिला आणि त्यात यातलं एक अक्षरही नाही. गावाचं नाव मी बदललं आहे, तिथल्या माणसांचीही बदलली आहेत.

आमची नागपुरात एक लहानशी संस्था आहे. अभयारण्याला लागून असलेल्या गावांत पर्यटकांच्या राहण्याची सोय गावकऱ्यांनीच करावी, जंगलही त्यांनीच दाखवावं आणि मिळकत गावातच राहावी, असे आराखडे आम्ही गावाबरोबर बसून तयार करतो. मोठी रिसॉर्टं उभी राहतात आणि ज्याच्या शेतावर ती उभी राहिली तोच माणूस त्यांच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा राहतो, हे बघून बघून आम्ही हे काम सुरू केलं. काम चांगलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं वाचताना कुणाला तसं वाटेलच याची खात्री नाही.

निघताना

माझ्याबरोबर विलास वानखेडे होता. विलास काटोलचा. घरची संत्र्याची बाग, त्यामुळे कुठंही जायचं म्हटलं की डिकीत संत्र्यांचं पोतं आधी चढतं आणि नकाशांची गुंडाळी नंतर. गाडी तोच चालवतो, मोजमापं तोच घेतो, आणि माझ्या भाषणांवर मागच्या बाकावरून हसण्याचं कामही त्याचंच. या वेळी पोत्याच्या शेजारी गोवऱ्यांची थप्पी रचलेली दिसली. हे काहून, असं मी विचारलं, तर त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. थंडीचे दिवस, मोकळं रान, आणि रोडगे नाही करायचे?

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जाडसर कणकेचे घडीवर घडी घातलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, त्यावर तुपाची धार धरायची, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. नागपूरच्या माणसाला हिवाळ्यात एखादं झाड आणि त्याखाली चार हात जागा दिसली की रोडगे आठवतात. ऑफिसच्या सहली, मुलीकडची सोयरीक, मित्राची बढती, सगळ्यावर हाच उतारा. मी नको म्हणालो नाही. उलट डब्यात तूप आहे ना, हे मीच पुन्हा तपासलं.

उमरेडपर्यंत कोळशाच्या ट्रकांची धूळ खाल्ली. पुढं मुलूख बदलला. विलासच्या बाजूला कापूस आणि संत्री, इकडं धानाच्या बांध्या. कापणी झालेली, जागोजागी पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, आणि प्रत्येक पुंजण्यावर एखादा तरी नीलकंठ मालकासारखा बसलेला. विलासला ही जमीन पसंत पडली नाही. पाणी उभं राहतं त्या जमिनीत संत्रा सडतो, म्हणाला. मी म्हटलं, इथं कोणी तुझा सल्ला विचारलेला नाही. आता वाटतं, हे वाक्य मी स्वतःलाही ऐकवायला हवं होतं.

पिपरटोला

आपल्याकडं पाहुणा दारात आला की आधी "या, बसा" होतं आणि मग आत चहाचं आधण चढतं. पिपरटोल्यात कोणी काही बोलत नाही. पितळेचा लोटा भरून तुमच्या पायांपाशी ठेवतात आणि बाजूला होतात. पाय धुतले की तुम्ही घरचे. पहिल्या भेटीत मी ते पाणी पिऊन टाकलं होतं आणि अख्खी आळी आठवडाभर हसत होती म्हणे.

आमचा मुक्काम सुनंदाबाई मडावींकडं होता. तिशीची बाई, बोलणं कमी, हाताला स्वस्थता नाही. पर्यटकांसाठी गावातली जी पहिली घरं ठरली होती त्यांत तिचं सगळ्यांत वर. पिवळ्या मातीनं सारवलेली, गेरूची किनार काढलेली ऐसपैस ओसरी, मागं परसात नवं बांधलेलं स्वच्छतागृह, आणि हाताला चव. ती त्या रात्री जेवताना कळलीच. भात, लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी, तलावातले बोटाएवढे मासे तव्यावर कुरकुरीत केलेले. विलास तिसऱ्यांदा भात घेताना म्हणाला, पर्यटक वाघ विसरतील.

तिच्या नवऱ्याला, मनोहरला, तीन पावसाळ्यांपूर्वी वाघानं मारलं होतं. हे मला माहीत होतं. कुठं मारलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायला संकोच वाटतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे आराखड्यात त्याची गरज नव्हती.

तेव्हापासून धान निघालं की सुनंदाबाई कन्हानकडच्या वीटभट्ट्यांवर जात होती. संक्रांतीनंतर मुकादमाची गाडी यायची, ती मृगापर्यंत तिकडंच. शाळेत जाणारी मुलगी, आरती, तेवढे महिने आजोबांजवळ राहायची. परत आल्यावर पहिले काही दिवस पोर आपल्याशी बोलत नाही, हे सुनंदाबाईनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं होतं. पर्यटक आले तर तिला जायचं नव्हतं. मुकादमाला या साली तिनं अजून हो म्हटलं नव्हतं. तिचं सगळं तिसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या ग्रामसभेवर अडलं होतं.

आणि ग्रामसभा अडली होती तिच्या सासऱ्यावर. लहानूबाबा शेजारच्याच घरात राहतात. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे. त्यांनी हात वर केला नाही तर बाकीचे करणार नाहीत, असं सरपंचानं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. बाबांचं म्हणणं साधं होतं. शहरचे लोक येतील, त्यांना आपलं काय कुठं आहे ते कळणार नाही, आणि कळत नाही हेही कळणार नाही. त्यावर माझ्याकडं उत्तर तयार होतं. पाहुण्यांसाठीच्या नियमांचा मोठा फलक आम्ही रंगवून आणला होता. पहिलाच नियम, विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये. तो मीच लिहिला होता.

फलक आणि गावाचा नकाशा ओसरीत भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी बघितलं तर नकाशाचा ईशान्येकडचा कोपरा बकरीनं खाल्लेला होता. त्यात तलाव होता. विलास म्हणाला, चला, आता प्रत्यक्ष बघावाच लागेल.

तलावाची वाट

पर्यटकांना पहाटे पायी न्यायची जी वाट आम्ही ठरवली होती, ती सुनंदाबाई दाखवायला आली. गाव सोडलं की बैलगाडीची चाकोरी, मग पडीत जमीन, एक मोठा मोह, तिथं वाट दुभंगते. डावी जंगलात, उजवी तलावाकडं. दंव इतकं की पायजमे गुडघ्यापर्यंत भिजले. तलावावर पाण्याला लागून धुकं होतं आणि त्यात बदकं नुसती आवाजानं कळत होती. मी नागपुरात अंबाझरीला रोज फिरतो, पण तिथं पाण्यापेक्षा फिरणाऱ्यांचीच गर्दी जास्त. इथं आम्ही तिघं आणि पलीकडच्या काठावर जाळं आवरणारा एक म्हातारा.

मी उत्साहात होतो. इथं बसायला दगड, इथं थांबून पक्षी, इथं गावच्या बायकांनी चहा द्यायचा. सुनंदाबाई ऐकत होती आणि मधेच एखादं वाक्य टाकून माझी कल्पना दुरुस्त करत होती. चहा इथं नको, माकडं येतात. दगड तिकडं नको, तिथं बायका धुणं धुतात, त्यांना मोकळेपणा राहणार नाही. आराखडे असेच होतात, निम्मे ऑफिसात आणि निम्मे ते खोडून.

जाताना त्या मोहाजवळ रस्त्याच्या कडेला वाळलेल्या काटक्यांचा आणि फांद्यांचा छातीएवढा ढीग होता. मधे मधे दगडही होते. सुनंदाबाईनं बोलता बोलता वाकून एक काडी उचलली आणि ढिगावर टाकली. पाऊल थांबवलं नाही, वाक्यही तोडलं नाही. येतानाही तेच. मी विलासला हळूच म्हटलं, बघ, काय नेटकी बाई आहे, जाता येता सरपण गोळा करून ठेवते. आणि माझ्या कागदावर लिहिलं: महिलांचा वेळ सरपणात जातो, गॅसची सोय आवश्यक.

रोडगे

दुपारी सुनंदाबाई घरी आरतीच्या जेवणाचं बघायला गेली. रोडगे झाले की आमच्यातच जेवायला या, असं आम्ही तिला सांगितलं. जंगलात विस्तव न्यायला बंदी आहे, तो नियम आम्ही काटेकोर पाळला. हद्दीचा दगड शोधला, त्याच्या बऱ्याच अलीकडं, पडीत जमिनीवर, मोहाच्या सावलीत जागा साफ केली. विलासनं कणीक मळली. मी वांगी चिरली.

गोवऱ्या पेटेनात. रात्री सामान काढताना डिकीतून काढून गाडीच्या टपावर ठेवल्या त्या तिथंच राहिल्या आणि दंवानं ओलसर झाल्या होत्या. विलासनं कागद जाळले, फुंकर मारून मारून डोळे लाल करून घेतले. मग मी त्या ढिगाकडं गेलो. विलास म्हणाला, विचारून घेऊ. मी म्हटलं, अरे, आपल्याच घरचं सरपण आहे, ती आली की सांगू, संध्याकाळी दुप्पट वेचून देऊ. मी कवळ भरून आणली. मग दुसरी. वरच्या काही काड्या ओल्या होत्या, पानांसकट, त्या मी बाजूला टाकल्या. खालचं लाकूड मात्र कित्येक दिवसांचं वाळलेलं. असं धडधडून पेटलं की विलासनंसुद्धा वाहवा केली. रोडगे कमी पडायला नकोत म्हणून मी आणखी दोन खेपा केल्या. शेवटी तिथं दगड तेवढे राहिले.

सुनंदाबाई जवसाची चटणी घेऊन आली. वाटेवर थांबली. आधी विस्तवाकडं बघितलं, मग त्या जागेकडं. मी तिथूनच ओरडून सांगितलं की तुमचं सरपण वापरलं, रागावू नका. ती आली, चटणीचा डबा खाली ठेवला आणि आमच्यापासून जरा लांब बसली.

वाढून झाल्यावर ती खाईना. भूक नाही म्हणाली. आता नागपूरच्या माणसाला आग्रह शिकवावा लागत नाही. मी रोडगा फोडला, तूप सोडलं, पानावर घालून तिच्या पुढ्यात ठेवला आणि एक तरी घ्याच म्हणून तिच्या मागं लागलो. तिनं तो पदरात बांधून घेतला. घरी नेते, म्हणाली. मला वाटलं, पोरीसाठी. मला बरंही वाटलं.

आम्ही मात्र चापून जेवलो. वर संत्री खाल्ली. उन्हात पाठ शेकत बसलो. विलास म्हणाला, असे रोडगे औंदा पहिल्यांदाच झाले.

ओसरीत

दिवस मावळताना ती तांदूळ पाखडत ओसरीत बसली होती. आम्ही दोघं सभेत काय बोलायचं ते ठरवत होतो. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "सर, एक सांगू का? राग नका धरू."

मी म्हटलं, बोला.

"ते सरपन नव्हतं. तेथं आमचे मालक गेले होते."

मग तिनं हळूहळू सांगितलं. वाघानं माणूस मारला की त्या जागेवरून जाणारा प्रत्येकजण एक काडी टाकतो, नाहीतर दगड. आपल्या गावचा असो, परगावचा असो. पाऊस असो की डोक्यावर भारा असो. कोणी हात जोडत नाही, दिवा लावत नाही. एक काडी टाकायची आणि आपल्या वाटेनं जायचं. "त्याहीले एकटं वाटू नये म्हून," ती म्हणाली. "जो जाते तो टाकते." ढीग तीन वर्षांचा होता. तलावावरचा म्हातारा, शाळेत जाणारी पोरं, मोह वेचायला जाणाऱ्या बायका, जंगलाचे मजूर. आरती चालायला कंटाळायची तेव्हा काडी टाकायच्या आमिषानं तिथपर्यंत यायची.

 पोटात तेच रोडगे होते. आपण काय जाळलं हे कळल्यावर माणूस काय करतो ते मला माहीत नाही, मी नुसता माफी मागत सुटलो. पाच-सहा वेळा मागितली असेल. ती दर वेळी मान हलवून "असू द्या" म्हणत होती आणि त्यानं मला आणखीच कानकोंडं होत होतं. विलास उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, उद्या पहाटे उमरेडहून ट्रॉलीभर लाकूड आणून टाकतो.

सुनंदाबाई म्हणाली, "विकतचा ढीग काय कामाचा, भाऊ? ज्याले आठवन येते त्यानं एक टाकाव."

मी म्हटलं, मग मी आत्ता लहानूबाबांकडं जातो आणि सांगतो. हे मी मनापासून म्हणालो. निदान तेव्हा तरी मनापासून. ती पटकन उठून उभी राहिली.

"सांगू नका. मामाजीले समजलं तं उद्या सभा होत नाही. मंग मले भट्टीवर जा लागते."

मामाजी म्हणजे सासरे. मी पुन्हा बसलो. तिचं म्हणणं बरोबर आहे, असं मी विलासला नंतर समजावलं. आपण खरं बोलून मोकळे होऊ आणि भोगावं तिला लागेल. हे खरंच होतं. पण मला ते इतक्या चटकन पटलं, यातच काय ते आलं.  त्या रात्री विलास माझ्या भाषणाला हसला नाही.

सभा

सकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला, मधे सतरंजीवर सरपंच, आम्ही आणि आमचा फलक. बायकांच्या बाजूनं चांगले प्रश्न आले. पाहुणे टेबलावर जेवायला मागतील का? घरात भांडण झालं तर पाहुण्यासमोर भांडायचं की नाही? एकीनं विचारलं, त्यांना आमच्या घरात काय बघायचं आहे, त्यांच्याकडं घर नाही का? हशा झाला. पाळीपाळीनं घरं द्यायची, गावानं ठरवलेल्यापेक्षा जास्त गाड्या घ्यायच्या नाहीत, स्वयंपाक बचत गटाच्या बायांनी करायचा, असं एकेक मान्य होत गेलं. मी नियम वाचून दाखवले. पहिला नियम वाचताना माझा आवाज मलाच परका वाटला.

लहानूबाबा उशिरा आले. पांढरं धोतर, अंगात मुलाचं असावं असं ढगळ स्वेटर. ते बसले नाहीत.

"मनोहरच्या जागेवर राख हाय," ते म्हणाले. "लाकडं कोनं नेले?"

 विलासनं माझ्याकडं बघितलं. मी उठू लागलो. खरंच उठू लागलो, एक गुडघा सतरंजीवरून वर आलाही होता. तेवढ्यात बायकांमधून आवाज आला.

"म्या नेले."

बाबांनी सुनेकडं बघितलं. "काहून?"

"घरी पाव्हने होते. सरपन नव्हतं. चुकलं माह्यं."

"संत्र्याच्या साली पडल्या हायेत तेथं."

"पाव्हन्याईनं देल्ले होते. म्याच खाल्ले."

पिपरटोल्यात संत्र्याचं झाड नाही. सुनंदाबाईच्या घरामागं सरपणाची रास छपराला टेकलेली आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.  कोणी आमच्याकडं बघितलं नाही, सगळे आपापल्या पुढ्यातली जमीन बघत होते. मला एकदम कळलं की इथं ज्याला माहीत नाही असा माणूस नाही, आणि ही सगळी माणसं मान खाली घालून मला जागा करून देत आहेत.

मी अजून तसाच, अर्धा उठलेला. सरपंचानं विचारलं, "सर, काही बोलता का?"

मी म्हणालो, "नाही. पाणी हवं होतं."

कोणीतरी लोटा आणून दिला. मी तो प्यायलो. सगळ्या सभेसमोर, घोट घोट, शेवटपर्यंत. असं पाणी मी जन्मात प्यायलो नव्हतो.

 मग लहानूबाबांनी सुनेला दुसरंच काही विचारलं. "औंदा भट्टीवर जाशीन का?"

"नाई जात, मामाजी."

"पोरीपाशी राहाशीन?"

तिनं मान हलवली. बाबांनी खाली बसता बसता सरपंचाला सांगितलं की हात वर करायला सांगा. स्वतः मात्र त्यांनी हात वर केला नाही, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. पण बाकीच्यांनी काय समजायचं ते समजून हात वर केले. आराखडा मंजूर झाला. अशा जागेची लाकडं गेली की ती चूक पदरी घेणाऱ्यानं गावाला जेवण द्यायचं, अशी तिथली रीत आहे. तेही त्याच बैठकीत ठरलं. सुनंदाबाईनं ते मान्य केलं. मी त्या ठरावाच्या वेळी फलकाची दोरी गुंडाळत होतो.

 परतीच्या वाटेवर उमरेडला चहाला थांबलो, तेव्हा विलास म्हणाला, "सर, तुम्ही उठले होते नं?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मी तं उठलोही नाही." मला वाटतं तो माझं समाधान करत होता.

पुन्हा पिपरटोला

जेवणाचं बोलावणं फोनवर आलं. जेवणाचा सगळा खर्च मी करतो, असं मी सुनंदाबाईला कसंबसं म्हणालो. ती म्हणाली, तसं केलं तर लोकांना बोलावं लागेल, अजून कोणी बोललेलं नाही. काही आणू नका, नुसते या, नाही आलात तर बरं दिसणार नाही. विलासला विचारलं. त्यानं डोक्याला हात लावला. "माह्याच्यानं तेथं घास नाही गिळल्या जात, सर." काटोलचा हा माणूस ताटावरून कधी उठत नाही. मग मी एकटाच एसटीनं गेलो.

फाट्यावर आरती मला घ्यायला आली होती. माझी पिशवी तिनं हट्टानं हातात घेतली. आई आता जाणार नाही, असं तिनं मला चालता चालता दोनदा सांगितलं, जणू ही बातमी मला नवीन असणार. घरी पायांपाशी लोटा आला. पहिल्या पाहुण्यांची खोली बघितली. नवीन चटया, भिंतीवर आरतीनं काढलेला मोर. सगळं छान झालं होतं. मला तिथं उभं राहवेना.

पटांगणात पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, परातीत वाफाळता भात, मोठ्या गंजात वरण, कोहळ्याची भाजी. पाहुणा म्हणून मला पहिल्या रांगेत पहिल्या जागी बसवलं. वाढायला सुरुवात झाली नव्हती. लहानूबाबा पंगतीसमोर येऊन उभे राहिले. सुनंदाबाई भाताची परात कमरेला लावून त्यांच्या मागं.

मला ही रीत कोणी सांगितली नव्हती. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, आपल्या सुनेच्या हातून चूक झाली, गावानं पोटात घालावी. जो जेवेल त्यानं आधी माफ म्हणावं, मग घास घ्यावा. सुरुवात पाहुण्यापासून.

सगळी पंगत माझ्याकडं बघू लागली. आता बोललो असतो तरी चाललं असतं, असं मला आज इथं बसून वाटतं. तिथं मी सुनंदाबाईकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. परात जड होती आणि ती माझी वाट बघत होती. तिच्या पदराला धरून आरती उभी होती.

"माफ," मी म्हणालो.

लहानूबाबा माझ्याकडं वाकले. म्हातारे डोळे अगदी शांत होते.

"मोठ्यानं म्हना, सर. मांगच्याईले ऐकू नाही गेलं."

मी मोठ्यानं म्हणालो. मग शेजारचा म्हणाला, त्याच्या शेजारचा म्हणाला, तो शब्द रांगेतून पुढं सरकत गेला, आणि तिनं खाली वाकून माझ्या पत्रावळीवर पहिला भात वाढला.